वर्षाला दहा आवाज

१२ ऑगस्ट २००१

"आवाज झाला की पुरे, जीव जायला नको." — बापूंनी बंदूक घरात आणली त्या दिवशी आई म्हणाली होती. मी तेव्हा सहावीत. आज ते वाक्य आठवलं, कारण बापू सकाळच्या एसटीने हरसूलहून आले आणि परवान्याचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. "वाच, काय लिवलंय बाई!"

पन्नासच्या जागी दहा. वर्षाला दहाच काडतुसं! जुन्या रिकाम्या पुंगळ्या दाखवल्याशिवाय तीही नाहीत.

भुईमूग भरायला लागला की रानडुकरं रोज दिवेलागणीला हजर असतात. दहात काय होणार?

दादा खूश. "पीक राहणार नाही, तर तिथं एकट्यानं राहून करायचं काय? बापू, आता इथंच, इंदिरानगरला. लिफ्ट आहे!" बापू लिफ्टला घाबरतात. पाच जिने चढून आले होते.

१४ ऑगस्ट

वर अपील करायचं. "वकील नको," बापू म्हणाले. "तू गोष्टी लिवतेस ना? ही एक खरी लिव." मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दादाकडे राहायला आले, तेव्हापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

पहिला मसुदा चार पानी. तृप्तीवहिनी वाचून म्हणाली, "वन्सं, मला तर डुकरांचीच दया आली." फाडला.

२ सप्टेंबर

पुंगळ्या!! बापू शांतपणे म्हणतात, "त्या बांधावर हायेत." शेजारच्या लंकाबाईने सुतळीत ओवून तोरण केलंय. वाऱ्याने वाजतं, डुकरं बिचकतात, तेवढंच एखादं काडतूस वाचतं. आज शेतावर जाऊन मोजल्या — सत्तेचाळीस. उरलेल्या तीन तिच्या खुराड्याच्या दाराला निघाल्या.

सुतळी काही सोडू देईना. "पुन्यांदा ओवणार कोण? तुजा सायब? तसंच ने."

बापूंकडे जेवून मागच्या खोलीत अर्धा तास पडले. खिडकीतून भुईमुगाचा ओला वास. उठवेना.

२१ सप्टेंबर

सुनावणी झाली. बापू कोट घालून, खांद्यावर तोरण, नाशिकरोडच्या कचेरीत छमछम करत! शिपाई म्हणाला, "आजोबा, दसरा लांब आहे अजून."

साहेबांनी विचारलं, "गेल्या वर्षी किती डुकरं मारली?"

मी बापूंचा कोट ओढला. उपयोग शून्य.

"एकबी नाय."

"पन्नास काडतुसांत?"

"आभाळात मारतो ना, सायब. हिच्या आईनं सांगितलं व्हतं."

"मग फटाके लावा की!"

"पावसात वात पेटंल? या एक दिस, तुमीच लावून दावा."

साहेब मोकळे हसले. मीही. मग त्यांनी वय विचारलं. चौऱ्याहत्तर. घरात दुसरं कोण? "कोणी नाय. लय बरं चाललंय." साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

२२ सप्टेंबर

दादा म्हणतो, हरलात की दिवाळीआधी बापूंच्या सामानाला टेम्पो सांगून ठेवतो.

९ ऑक्टोबर

जिंकलो! पन्नास! बापू निकाल घेऊन आले, येताना पेढे. मी वहिनीला मिठीच मारली. मग तिने शेवटची ओळ वाचली — परवानाधारकाचे वय पाहता घरात दुसरी सज्ञान व्यक्ती कायम राहत असावी. तिचे संमतिपत्र तीस दिवसांत द्यावे, अन्यथा हत्यार जमा करावे.

दादाने पेढा तोंडात टाकला. "झालं तर मग."

बापूंनी कागदाची घडी घातली. "बंदूक राखायला माणूस ठिवायचा? येक म्हातारा सुखानं एकटा ऱ्हातो, तर ह्यांचं काय जातं?" चहाही न घेता गेले.

१० ऑक्टोबर

संमतिपत्र लिहिलं. माझ्या नावाचं. एकाच मसुद्यात. सोबत चिठ्ठी जोडून दुपारी पोस्टात टाकलं. नाहीच म्हणणार ते.

'बापू, बंदूक ठेवा नाहीतर जमा करा. मागची खोली मला द्या. कायमची.'