पंचविसाव्या फेरीनंतर

ताई,
तुझ्या हट्टी धाकटीचा गारठलेल्या हाताने नमस्कार. मी ठीक आहे. पायमोजे कोरडे आहेत, वेळेवर खाते आहे. आईची कंबर कशी आहे? तिला शर्यतीचं सांगू नकोस. टेकडीवर फिरायला गेलीय म्हण.

शर्यत तशी साधी आहे. दर तासाला शिट्टी होते, की टेकडी चढून-उतरून पावणेसात किलोमीटर पळायचं आणि पुढच्या शिट्टीआधी परत यायचं. आला नाही तो बाद, शेवटी उरेल तो जिंकला. काल सकाळपासून पंचवीस फेऱ्या झाल्या. आता मी आणि एक म्हातारे सुतारकाका, दोघंच उरलोय. फेरी संपवून तंबूत टेकलेय, तेवढ्यात हे लिहितेय. डाव्या पायाची बोटं जरा बधिर झालीत, बाकी काही नाही.

काका अजून आले नाहीत. उतारावरचं पाणी गोठून काचेसारखं झालंय. तिथेच ते दगडावर बसले होते. मी विचारलं, "काका, बरं आहे ना?"
"मी ठीक आहे. तू हो पुढे."
मी झाले पुढे.

पंचांना सांगितलं, तर म्हणाले, शिट्टीपर्यंत वाट बघू.

ताई, आत्ता या पत्राची सुरुवात पुन्हा वाचली. त्यांनी माझंच वाक्य म्हटलं होतं गं.

शिट्टीला चार मिनिटं आहेत. मी उलट्या वाटेने त्यांच्याकडे निघालेय. शिट्टीला इथे नसेन म्हणून बाद होईन, होऊ दे.

माझ्या पायाची बोटं काल संध्याकाळपासून जाणवत नाहीत.

तुझी,
धाकटी