नरसम्माची अर्धी चादर

रवि., ११ नोव्हें. १९७९
विणकर सोसायटीच्या सभेत बोलले. मागणी एकच: नरसम्माला सभासद करा. नवरा मल्लेशम दसऱ्याआधी गेला. सूत-लोकर फक्त सभासदाला मिळते, आणि बाई सभासद होत नाही. म्हणजे माग बंद, चूल बंद. चेअरमन राजय्या म्हणाले, बायका कांड्यांवर सूत गुंडाळतात, विणत नाहीत. तेलंगणातून नाशकात येऊन वीस वर्षं झाली, पण हा नियम गाठोड्यात बांधून आणलाच. मी सोडते होय. म्हटलं, मल्लेशमची अर्धी चादर विणून पडली आहे. दुसरी अर्धी नरसम्मा विणेल. दोन्हींच्या नक्षीत फुलाला फूल जुळलं तर सभासद करा. टाळ्या. राजय्या ताबडतोब कबूल. इतके ताबडतोब?

सोम., १२
शाळा सुटल्यावर न.कडे. मागाची रुंदी कमी, म्हणून चादर दोन पट्ट्यांत विणून मध्ये शिवतात. उभं सूत, आडवी लोकर. इथवर मला ठाऊक होतं. न. म्हणाली, "बाई, शब्द देण्याआधी मला विचारायचं होतं. लोकर दाबायचा फणीचा ठोका ज्याचा त्याचा. त्यांचा सैल, माझा घट्ट, म्हणून माझं फूल आखूड. सतरा वर्षं एका मागावर बसलो, एक चादर त्यांची, पुढची माझी. एक चादर कधी दोघांनी विणली नाही."
तरीच राजय्या लगेच कबूल झाले. माझ्याकडे तीन कपाटं पुस्तकं, आणि हे मात्र… बायकांना विचारून निर्णय घ्या, असं गावोगाव सांगते. तिला विचारलं नाही. लाज वाटली. पण मागणी खरी आहे. कसोटी खोटी.

शुक्र., १६
मागावर दुसऱ्या पट्टीचं उभं सूत तसंच आहे. लोकर तेवढ्यापुरतीच. ही बिघडली तर संपलं. सैल ठोकता येईल का, विचारलं.
"येईल की. मग जन्मभर सैल ठोकू?"
तिने स्वतःच्या ठोक्याने सुरुवात केली.

बुध., २१
पट्टी उतरली. फुलं तेवढीच, लांबी चार बोटं कमी. पहिली दोन फुलं भिडतात, पुढे फाटाफूट. पण काय कापड! उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसत नाही. सभेत आधी मी बोलते म्हटलं. म्हणाली, "यावेळी तुम्ही बसा."

रवि., २५
तिने पट्ट्या शिवल्याच नाहीत. सभेच्या खोलीत, खिडकीत दोरीवर दोन्ही शेजारी टांगल्या. राजय्या माझ्याकडे बघून: "मास्तरीणबाई, भाषणानं फुलं जुळली असती तर आम्ही माग विकले असते." हशा.
न. म्हणाली, "राजय्याअण्णा, जुळत नाहीत. दोन माणसांच्या आहेत. थंडीत कुठली पांघराल ते सांगा."
त्यांनी दोन्ही पट्ट्या अंगठ्याने चाचपल्या. विणकर आहेत, खोटं बोलवेना. न.चा सभासदत्वाचा अर्ज घडी करून खिशात घातला. पुढच्या सभेत बघू म्हणाले. मी उठणार, तोच न.ने माझा पदर खाली ओढला.

मंगळ., २७
न.च्या ओट्यावर राजय्यांची सून बसलेली. घरी तीच विणते, सोसायटीच्या वहीत नाव सासऱ्यांचं. तिचाही अर्ज लिहायचा आहे. म्हटलं, घरी सांगितलंस का?
"नाही. मामांना दोन्ही अर्ज एकदमच वाचू द्या."
लिहून दिला. सभा रविवारी.