तीन सुटले, एक राहिला

साडूभाऊ मल्लिनाथराव यांना नांदेडहून संगप्पाचा शरणार्थ. उज्वलाताईंची कंबर आता धरत नसेल अशी आशा आहे. आमच्याकडे माझ्या अंगठ्याचं नख सोडलं तर सगळं जागेवर आहे. मुरुडच्या मामांचा वाइस, तो जबड्यात वस्तू आवळून धरणारा लोखंडी शिकंजा, मी फुकटात उचलून आणला असं तुम्ही लातूरभर सांगता, म्हणून त्या फुकटाचा हिशेब आधी देतो: एक नख, बोल्ट फिरवायचे दोन पाने (पैकी एक शेजाऱ्याचा) आणि नीलम्माची खोबरेल तेलाची अख्खी बाटली. ‘माझ्या डोक्याला कधी एवढं तेल लावलं न्हाई तुम्ही,’ असं म्हणून तिनं दोन दिवस भाकरीसोबत नुसतं मीठ वाढलं. तेही धरा.

आपल्या सासऱ्यांची, मामांची अट तुम्हाला पाठ आहे. वाइस टेबलासकट न्यायचा, टेबलावरून सोडवून, गंज काढून, रविवारी त्यांना चालता करून दाखवायचा. जमलं तर माझा, नाही तर तुमचा. तेव्हापासून तुम्ही रोज फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी करता. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढी माया कधी दिसली नव्हती.

गॅस लावा, बोल्ट लाल करा, हा तुमचा सल्ला पोचला. मी गॅस लावणार नाही. वाइस बिडाचा आहे, बीड तापून तडकलं तर मामा मला जावई म्हणतील का? (आत्ताही क्वचितच म्हणतात.) तुमच्या मिलमध्ये माणसं आहेत, यंत्रं आहेत. मी पंप उघडायला शिकलो ते कानानं. घट्ट बोल्टावर हातोडी मारली की तो खणखणीत बोलतो, सुटायला आला की आवाज घोगरा होतो. टेबलाखाली उताणा पडून, तोंडावर काळं ग्रीस झेलत, एकेका बोल्टाला तेल पाजून, ठोकून, ऐकून मी चारातले तीन सोडवले. नुसत्या हातानं. चौथ्याचं डोकं तुटलं, पण त्यात माझ्या कानाचा दोष नाही, पाना शेजाऱ्याचा होता.

आणि हो, परवा फोनवर हात ठेवून तुम्ही उज्वलाताईंना म्हणालात, ‘तुझे भाऊजी बोल्टाला समजावून सांगून राहिले.’ मला ऐकू आलं. त्या हसल्या, तेही ऐकू आलं. रविवारी मामांना घेऊन खुशाल या. वाइस मी सोडणार नाही.

तुमचा साडू,
संगप्पा

ता.क. तुमच्या मिलचा वेल्डर आदिनाथ याला शनिवारीच मशीन देऊन पाठवा. तुटक्या बोल्टावर नट वेल्ड करून तो फिरवता येईल. (वेल्डिंग म्हणजे गॅस नव्हे, हे ध्यानात घ्यावं.) मामांनी विचारलं तर पोरगं गुरुद्वारा बघायला गेलंय म्हणून सांगा. त्या बदल्यात वाइस सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने माझ्याकडे.

ता.क. दुसरा. पत्र पाकिटात घालायच्या आधी टेबल खाली बसलं. मी सोडवलेले तिन्ही बोल्ट टेबलाच्या पायांचे होते. वाइसचे चारही अजून आत आहेत, त्यातल्या एकाला डोकं नाही.