अनुभव: नाही

आई, तुझी नात पहिला सीव्ही लिहायला बसलीय. लॅपटॉप मांडीवर, कानात गाणी, आणि मधूनच मला हाक मारून विचारतेय, "मम्मा, एक्सपिरियन्समध्ये काय टाकू? मी तर काहीच केलं नाहीये." मी तिच्यावर उगाचच खेकसले. "काहीच केलं नाही म्हणजे काय? नीट आठव जरा!" ती बघतच राहिली. तिला बिचारीला काय माहीत, की मी तिच्यावर नाही, तुझ्यावर खेकसत होते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तो पहिला कागद आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून स्वयंपाकघरात येऊन, ओट्याला टेकून हे लिहितेय. बोलायला तर तू नाहीस, आणि होतीस तेव्हा या विषयावर तू बोलू दिलं नाहीस.

गिरगावातली खोली विकून आपण भाईंदरला, इंद्रलोकमध्ये आलो, आणि घराला रंग देऊन होतोय न होतोय तोच बाबांची कंपनी बंद पडली. त्याच उन्हाळ्यात मी बारावीला अकाउंट्समध्ये आपटले. निकालानंतरच्या सोमवारी पहाटे उठून पाहते तर तू कणकेचा डोंगर मळत बसलेली. डबे सुरू केलेस, आणि तेही चोरून, जणू घरात दारूची भट्टी लावलीय. खिडकी लावून फोडणी द्यायची. शेजारच्या भाभींनी विचारलं, की "मेहमान हैं" म्हणायचं. आणि डबे न्यायचे माझ्या कॉलेजच्या सॅकमधून! एकेक डबा नॅपकिनमध्ये गुंडाळायचा, आवाज नको म्हणून. मी सायकल काढते, वॉचमन विचारतो, "कॉलेज चली, बेटा?" आणि मी "हाँ, अंकल" म्हणत पेडल मारते. पाठीला गरम वरण लागतंय आणि सगळ्या बिल्डिंगला वाटतंय, पोरगी शिकतेय. जवळच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत नोकरीवाली मुलं एकत्र राहायची, त्यांचे डबे. दोघी नर्स होत्या. आणि ते गुजराती काका, साखरेचे पेशंट, ज्यांना बटाटा चालायचा नाही, भातही नाही, आणि तरी रोज "बेटा, आजे मीठुं कंई?" म्हणजे आज गोड काय, असं विचारायचे. कोणाला काय चालतं, काय नाही, कोण दुपारी झोपतं म्हणून बेल वाजवायची नाही, सगळं मला पाठ. मी वैतागले की तुझं ठरलेलं उत्तर: "झाकली मूठ सव्वा लाखाची." सव्वा लाख कुठे होते ते मला कधी दिसले नाहीत, मूठ मात्र दिसायची, तव्याने पोळलेली.

मग मीरा रोडला ते नवीन हॉस्पिटल निघालं आणि किचनसाठी माणसं हवी होती. पेशंटच्या जेवणाचे ट्रे लावायचे, कोणाला बिनमिठाचं, कोणाला बिनसाखरेचं, ते बघून वेळेवर वॉर्डात पोचवायचे. आई, माझ्यासाठीच काढल्यासारखी नोकरी होती ती! मी नाचत घरी आले. तू पदर नीट करून माझ्याबरोबर सायबर कॅफेत आलीस. तिथल्या माणसाने टाइप करता करता विचारलं, "एक्सपिरियन्स में क्या डालूँ?" मी तोंड उघडलं आणि तू मध्येच म्हणालीस, "कुछ नहीं. घरपेच है." तो म्हणाला, "आंटी, आधा पेज खाली दिखेगा. बारावी भी नहीं है. कुछ तो डालो. हॉबी में कुकिंग डाल दूँ?" तू त्याच्यावर अशी काही नजर टाकलीस, की त्याने बिचाऱ्याने कीबोर्डवरून हात उचलले. "कुकिंग नको. वाचन लिहा, प्रवास लिहा." प्रवास! इंद्रलोक ते बेव्हर्ली पार्क, पाठीवर वरण घेऊन. वडिलांचा व्यवसाय 'सेवानिवृत्त', आईचा 'गृहिणी', आणि अनुभवापुढे 'नाही'. वर तुझा आग्रह, की चांगल्या जाड कागदावर प्रिंट काढा. कोऱ्या पोरीचा कोरा कागद, पण जाड.

इंटरव्ह्यूला तू आलीस, ठेवणीतली साडी नेसून बाहेर बाकावर बसलीस. आतल्या बाईंनी कागद पुढूनमागून पाहिला. "बारावीनंतर दोन वर्षं काय करत होतीस?" मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, म्हणून मी सांगून टाकलं. डबे, काका, बटाटा, सगळं. त्या सावरून बसल्या. "अगं, मग हे इथे का नाही लिहिलंस? मला हेच तर हवंय. पण नुसत्या बोलण्यावर मी वरती काय दाखवू? ज्यांना डबे देता त्यांच्यापैकी कोणाकडून तरी दोन ओळी लिहून आण. उद्या आणलंस तरी चालेल." मी उड्या मारत बाहेर आले. काकांनी दोन ओळी काय, दोन पानं दिली असती! तू ऐकलंस, पर्स काखेत मारलीस आणि म्हणालीस, "चल घरी." रिक्षात मी भांडले, रडले. तू रस्त्याकडे बघत एवढंच बोललीस, "माझ्या पोळ्यांवर घर चालतं असं परक्याकडून लिहून घेऊ? आणि तो कागद गावभर फिरवू? नाही मिळाली नोकरी तर नाही मिळाली." दुसऱ्या दिवशी काकांचा डबा तू बाबांच्या हाती पाठवलास, मी विचारीन म्हणून. नोकरी दुसऱ्या मुलीला लागली.

काय मिळालं गं तुला? हेच मला कळत नाही, अजूनही नाही. चोरी करत होतो का आपण? पहाटेपासून राबायचं आणि वर लाजायचं! तुझ्या लाजेपायी माझी दोन वर्षं 'नाही' झाली. तू तुझ्या कष्टांवर बोळा फिरवलास तो तुझा प्रश्न होता, पण त्यात माझेही कष्ट होते. ते पुसायला मला विचारलं होतंस?

म्हणून पुढच्या वेळी मी तुला विचारलं नाही. कारखान्यांना जेवण पुरवणाऱ्या एका कॅटरिंगवाल्यांकडे जागा होती. मी एकटी त्याच सायबर कॅफेत गेले आणि लिहून घेतलं: 'डबा सर्व्हिस, इंद्रलोक. स्वयंपाकात मदत आणि डबे पोचवणे, दोन वर्षं.' खाली चौकशीसाठी आपल्याच घरचा नंबर. फोन आला की आवाज बदलून मीच बोलणार होते. ते संध्याकाळी करतो म्हणाले होते, म्हणून संध्याकाळभर फोनला चिकटून बसले. फोन आलाच नाही. संपलं, म्हटलं. पण चार दिवसांनी कामावर या असा निरोप आला. मला वाटलं, चौकशी न करताच घेतलं. तूही "बरं झालं" म्हणालीस आणि कणीक मळायला लागलीस.

पहिल्याच दिवशी तिथल्या सुपरवायझर बाई माझ्याकडे बघून हसायला लागल्या. समुद्रकाठच्या पाली गावातल्या होत्या, कोळीण, आवाज खणखणीत. "तुजी आधीची मालकीन लय कडक हाय गो! मी दुपारीच फोन लावला. इचारलं, पोरगी कशी हाय? म्हनली, आमच्याकडं दोन वर्सं कामाला होती. पोळ्या जाड लाटते, उलट बोलते. पन डबा कदी चुकवला न्हाय, आनि कोनाला काय चालत न्हाय ते तिला दोनदा सांगावं लागत न्हाय. मी म्हटलं, मंग सोडताय कशाला? तर म्हनली, माझ्याकडं तिचं काय व्हनार, तुमी घ्या." दुपारी. मी सॅक घेऊन बाहेर असताना. 'आमच्याकडं कामाला' म्हणालीस तू, म्हणजे डबे कबूल केलेस. एवढा मोठा शब्द तू एका अनोळखी बाईला फोनवर दिलास आणि आईचं नातं गिळून टाकलंस.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तू तव्यासमोर होतीस. मी म्हणाले, "दुपारी कोणाचे फोन येतात का गं?" तू मागे न बघता म्हणालीस, "येतात की, राँग नंबर. हातपाय धू. आणि आज पोळ्या तू लाटू नकोस, कपडे खराब होतील." मला तुला मिठीही मारायची होती आणि गदागदा हलवायचंही होतं. यातलं काहीच केलं नाही. पुढे तू असेपर्यंत आपण दोघींनी तो फोन असाच झाकून ठेवला. खरं सांगू, राग त्या पहिल्या नोकरीचा उरलेलाच नाही. तो केव्हाच विरला. राग याचा आहे, की एवढं चांगलं बोलायला तुला परकी बाई लागली. मी तिथेच तर होते, रोज, तुझ्या शेजारी, लाटणं हातात घेऊन. मला एकदा सांगितलं असतंस तर?

बाहेरून पुन्हा हाक येतेय, "मम्मा, सांग ना, काय टाकू?" जाऊन बसते तिच्याजवळ. मध्यंतरी आजारी शेजारणीसाठी ती आठवडाभर औषधं आणत होती, ते मी पाहिलंय आणि तिला कौतुकाचा एक शब्दही बोलले नाही, हे आत्ता लक्षात येतंय. तुझीच मुलगी ना मी. हा कागद पोळ्यांच्या डब्याखाली सरकवते, तिथे कोणी बघत नाही. आणि आई, पोळ्या माझ्या अजूनही जाडच होतात.