एक बहीण होती

३ नोव्हेंबर, सोमवार

वेदिका टीव्हीवर! कढी उतरवायला उठले होते, तशीच उभी राहिले. कढी फुटली.

‘तेव्हाचे तारे’ म्हणून नवा कार्यक्रम आहे. जुन्या मालिकांमधली लहान मुलं आता मोठी झालीत, त्यांना एका बंगल्यात कोंडलंय. रोज दाखवतात, लोक मतं देतात, दर रविवारी एक जण घरी. तिच्या नावाखाली पट्टी – ‘ठकू’. मालिका बंद पडून पंचवीस वर्षं झाली, अजून ठकूच.

माझी धाकटी बहीण. शेवटची पाहिली आईच्या दहाव्याला, याच घरात. नंतर तिचा नंबर लागेना. भांडण झालं असतं तर बरं – मिटवता तरी आलं असतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लॅबमध्ये दिवसभर तोच विषय. मी काउंटरवर रिपोर्ट देत होते. रोहित रक्त काढता काढता पेशंटलाच सांगत होता, “लहानपणी काय क्यूट होती ती ठकू! आता बघा – नुसता अॅटिट्यूड.” जशी काही मोठी होऊन तिनं त्याला फसवलं.

सुलाबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, “लय वाळली हो पोरगी. जेवत नसंल.”

मी पुढचा रिपोर्ट शोधायला लागले. आडनाव तिनं कधीच टाकलंय. इथं कुणाला माहीत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज निवेदकानं सगळ्यांना गोल बसवून विचारलं, घरी कोण कोण आहे. वेदिका म्हणाली, “आई-बाबा गेले. एक बहीण होती.”

होती!

मागे पियानो सुरू. निवेदकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, “सॉरी.” बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल – अहो, तसं नाही. ती नखं बघत बसली.

पोळी ताटात तशीच राहिली.

८ नोव्हेंबर, शनिवार

कार्यक्रमाच्या पेजवर हजारो कमेंट. “बिचारीचं कुणीच नाही.” “माझं मत ठकूलाच.” “ताईच्या आत्म्यास शांती लाभो.” – म्हणजे माझ्या! हात जोडल्याच्या चिन्हांची ही लांब रांग. माझ्या वाढदिवसाला इतक्या लोकांनी कधी आठवण काढली नाही.

सुलाबाईनं पदरानं डोळे पुसले. “माझी बी गेली. सायखेड्याला दिली व्हती. रात्री सुनंच्या मोबाईलवरनं मत दिलं त्या पोरीला.”

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

९ नोव्हेंबर, रविवार

वेदिका वाचली. सर्वात जास्त मतं. माझ्या मरणाची.

दिवसभर कुणाशी बोलले नाही. फोन वाजला तो लोन देणाऱ्या बाईचा. तिच्याशीही जरा जास्तच बोलले – शेवटी तिनंच ठेवला.

वेदिका सात वर्षांची असताना आई तिला घेऊन मालिकेसाठी मुंबईला गेली. मी दहाची. बाबा ओझरला, विमानाच्या कारखान्यात – नोकरी सोडता येत नव्हती. मग मी आणि बाबा. सकाळी उठून मी त्यांचा डबा करायची. आधी भात जमला, मग पोळ्या. ठकू लागायची तेव्हा अर्धी कॉलनी आमच्या क्वार्टरमध्ये जमायची. आई फक्त नावांच्या यादीत दिसायची – ‘विशेष आभार’. तेवढ्यासाठी मी शेवटपर्यंत बसायची.

आज मीही कमेंट केली. “ठकूची बहीण जिवंत आहे. मीच ती. नाशिकला असते.”

१० नोव्हेंबर, सोमवार

उत्तरं आली. “काकू, गोळ्या घ्या.” “मेलेल्या माणसाच्या नावावर लाईक मागता, लाज वाटत नाही?” एकानं नुसतं – “प्रूफ?”

मी आहे याचा पुरावा!

कपाट उपसलं. फोटो सगळे तिचे. दोघींचा एकच सापडला, कॉलनीच्या गणपतीपुढे, एकाच कापडाचे फ्रॉक. टाकला. बघा म्हणावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काय करून बसले! फोटो सगळीकडे फिरतोय. कालपर्यंत रडणारे लोकच – “बहिणीला मारून मतं मागते.” “हाकला हिला.” “आईबाप तरी खरंच मेलेत का, बघा.” त्याहून घाणही आहे, इथं लिहवत नाही.

कमेंट काढून टाकली, फोटोही. पण लोकांकडे गेलाच आहे.

रोहित म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं? नौटंकी!” मी हातातली फाईल जोरात आपटली. सगळे बघायला लागले.

सुलाबाई मागे पँट्रीत आली. दार लोटून घेतलं. “मॅडम, फोटोतली ती मोठी... नाक तुमचंच हाय ना?”

मान हलवली आणि रडायला लागले.

“आता रडता कशाला?” ती म्हणाली. “जित्या हाय ना दोघी!”

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

यूट्यूब चॅनलवाली एक मुलगी लॅबमध्ये आली. माझ्या प्रोफाईलच्या फोटोत लॅबची पाटी दिसते म्हणे. मोबाईल समोर धरूनच – “तुम्हीच ना वेदिकाच्या बहीण? मॅडम, प्रेक्षकांना सत्य कळायला हवं. तुम्हाला न्याय नको?”

न्याय! मला फक्त तिनं ‘आहे’ म्हणायला हवं होतं.

म्हटलं, “कोण वेदिका? इथं पेशंटचं नाव सांगितलं की रिपोर्ट मिळतो.”

“पण तो फोटो –”

सुलाबाई बादली घेऊन मध्येच उभी राहिली. “हिला कुठली बहीण! अहो, कुणी नाय हिला. सणासुदीला बी एकटी असते बिचारी. व्हा बाजूला, फरशी ओली हाय.”

मुलगी गेली. सुलाबाई माझ्याकडे बघून हसली. वाचवलं खरं. पण एका शब्दाचंही खोटं बोलावं लागलं नाही तिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

वेदिका बाहेर पडली. सर्वात कमी मतं.

निवेदकानं आमचा फोटो मोठ्या पडद्यावर लावला. “प्रेक्षक विचारताहेत, बहीण आहे की नाही?”

तिनं फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, “आहे. निकिता. नाशिकला.”

“मग ‘होती’ का म्हणालात?”

“तिची आई मी घेऊन गेले,” वेदिका म्हणाली. “ती दहा वर्षांची होती. आई परत आली ती म्हातारी होऊन, आजारी पडून – तेव्हाही सगळं तिनंच केलं. मी कोणत्या तोंडानं म्हणणार, बहीण आहे म्हणून?”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण ओरडला, “ड्रामा!” लगेच जाहिराती.

अगं वेडे. सात वर्षांची होतीस तू. सात वर्षांचं पोर कुणाला घेऊन जातं का? लोक जिकडे नेतील तिकडे जातं.

मी हे मोठ्यानं म्हणाले. टीव्हीला. साबणाची जाहिरात चालू होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कामावर गेले नाही. कमेंट वाचल्या नाहीत. तिचा नंबर कुणाकडे मागायचा तेच कळत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपार. हळूच लिहितेय, वेदिका आत झोपलीय. सकाळी आली. चार पोळ्या खाल्ल्या आणि आडवी झाली.

केवढी घोरते! टीव्हीवर कधी ऐकू आलं नाही.