पंधरा टक्के वजा

७ जानेवारी, सकाळ

काल डॉक्टरीणबाईंनी साखर जास्त सांगितली. तीन महिन्यांची सरासरी, ती टक्क्यांत मोजतात, ८.९. सातच्या आत हवी म्हणे. गोळी लिहून दिली. घरी मीटर घ्या, सकाळी उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी मोजा, एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासू, असं सांगितलं.

लेक बरोबर होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, बाबा, एप्रिलमध्ये हा आकडा खाली आला नाही तर घराला कुलूप आणि तुम्ही आमच्याकडे. वाद घालायचा नाही.

मी म्हणालो, वाद कसला. आकडा येईल खाली.

मी हे घर सोडणार नाही. ठराव: पहाटे चालणे. गोड बंद. मीटर स्वतः पारखून घेणे. मी जन्मभर वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. मी बाजारात शिरलो की अर्धे काटे आपोआप सरळ व्हायचे. मापाचं यंत्र कसं निवडायचं ते मला कुणी शिकवू नये.

७ जानेवारी, संध्याकाळ

गोड उद्यापासून बंद. आज भाजी आणायला गेलो तर बेकरीवाल्याने लांबूनच पाहिलं आणि न विचारता दोन पेस्ट्री बांधल्या. रोजच्याप्रमाणे. एक माझी, एक हिची. वर विचारतो, काकूंचा गुडघा कसा आहे?

मी म्हणालो, आता दुखत नाही.

हे खोटं नाही. हिला जाऊन सहा महिने झाले. त्याला ठाऊक नाही. त्याच्या दुकानात नेहमी गर्दी असते, आणि असली गोष्ट गर्दीत सांगायची नसते.

हिची पेस्ट्री टाकवेना. ती मी खाल्ली, पण ती माझ्या खाण्यात धरायची नाही.

१० जानेवारी

औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मीटरचे तीन खोके पुढे ठेवले. मी विचारलं, यात चूक किती? त्यांनी आतला कागद काढून वाचला. शंभराच्या वरच्या आकड्याला पंधरा टक्के, इकडे किंवा तिकडे.

पुन्हा वाचायला लावलं. पंधरा टक्केच. म्हणजे किलोमागे दीडशे ग्रॅम! माझ्या वेळी असा काटा सापडला असता तर दुकानदार दुसऱ्या दिवशी दुकानात दिसला नसता.

बाई म्हणाल्या, काका, ही जास्तीत जास्त मर्यादा आहे. शंभरातल्या पंचाण्णव वेळा आकडा तिच्या आत असतो. मी म्हणालो, उरलेल्या पाच वेळांचं काय? त्या म्हणाल्या, तुमच्या मागे लाईन लागली आहे त्याचं काय?

दोन मीटर घेतले. एकाच काट्यावर विश्वास ठेवेल तो निरीक्षक कसला?

११ जानेवारी

एकच बोट, रक्ताचा एकच थेंब. पहिला मीटर १९८. दुसरा २२३. दोघांपैकी एक तरी खोटारडा आहे. तिसरा आणला. १८७.

तो देताना बाई म्हणाल्या, काका, मीटरची मीटरशी तुलना करायची नसते, लॅबशी करायची असते. मी ऐकून घेतलं.

निवड झाली. तिसरा ठेवायचा. माझा सगळ्या नोकरीचा अनुभव असा की काटा चुकतो तो नेहमी मालकाच्या फायद्याच्या बाजूने. इथे मालक म्हणजे स्ट्रिप, रक्त लावायच्या पट्ट्या, विकणारा. माणूस घाबरला की स्ट्रिप जास्त खपतात. तेव्हा ज्याचा आकडा सगळ्यांत कमी तोच सगळ्यांत प्रामाणिक. बाकीचे दोन माळ्यावर टाकले.

१३ जानेवारी

एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती. मीटरला पंधरा टक्के चुकायची परवानगी आहे. परवानगी असली की ती प्रत्येक जण वापरतोच. तेव्हा माझा खरा आकडा पंधरा टक्के कमी. १८७ वजा पंधरा टक्के म्हणजे १५९.

लेकीचा फोन. आज किती? मी म्हणालो, एकशे एकोणसाठ. ती म्हणाली, अरे वा, बाबा! किती तरी दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला.

चालणं थंडी कमी झाल्यावर.

३० जानेवारी, संध्याकाळ

मीटर रंगेहाथ पकडला. ३४१ दाखवले! माणूस ३४१ ला असा शांत बसून रोजनिशी लिहील का? ताबडतोब औषधांच्या दुकानात फोन लावला. बाईंनी विचारलं, काका, हात धुतले होते का? नव्हते धुतले. नुकतीच पेस्ट्री खाल्ली होती. बोटाला थोडं क्रीम असेल. साबणाने धुवा, कोरडे करा, पुन्हा मोजा, म्हणाल्या. २४६.

म्हणजे जवळजवळ शंभर साखर नुसती बोटावर होती. मग हे यंत्र रक्त मोजतं की बोट? आणि बोटावर थोडी साखर कायमच असणार. तेव्हा इथून पुढे पंधरा टक्के वजा, आणि शिवाय बोटाचे वीस वजा.

बाईंनी फोन ठेवता ठेवता सांगितलं, बोट पिळू नका, पिळलं की रक्तात आतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो.

ही माहिती उपयोगाची आहे.

३१ जानेवारी

चांगलं पिळलं. १७१. बोट काळंनिळं. पद्धत उत्तम.

१२ फेब्रुवारी

जावयाचा फोन. बाबा, मीटर तपासायला एक पाणी मिळतं, त्यात साखर किती ते आधीच ठरलेलं असतं. ते स्ट्रिपला लावून बघा.

हा खास आमचा विषय. आमच्याकडे जसं प्रमाणित वजन, तसं हे पाणी. मुद्दाम जाऊन आणलं. मीटरला आता पळवाट नव्हती. आकडा स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत आला. नुसता आत नाही, बरोबर मधोमध.

दिवसभर करमलं नाही.

संध्याकाळी उलगडा झाला. बाटलीतल्या पाण्याला कसली काळजी नसते. माझ्या रक्ताला असते. काळजीने साखर वाढते हे डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. तेव्हा काळजीचेही काही वजा करायला हवेत. किती ते अजून ठरलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

कपाट आवरताना हिची फाईल हाताला लागली. सगळी पानं पाहिली. साखर नॉर्मल. कोलेस्टेरॉल नॉर्मल. कार्डिओग्राम नॉर्मल. शेवटचा रिपोर्ट आणला तेव्हा ही म्हणाली होती, बघा, मी पास, तुम्हीच नापास. त्याच आठवड्यात गेली.

मग आकड्यांना कुणी किती मान द्यायचा?

फाईल जागेवर ठेवली. आज मोजणार नाही. जेवणाआधी नाही, नंतरही नाही. विचारलं तर सांगेन, स्ट्रिप संपल्या.

संध्याकाळी बेकरी. दोन.

१५ मार्च, रविवार

लेक अचानक आली. फ्रीज उघडला, डबे उघडले, पिठाचा डबासुद्धा हलवून पाहिला. काही सापडलं नाही. सापडणार कसं? पेस्ट्री मी घरी आणल्यावर उरवत नाही.

तिच्यासमोर हात धुऊन मोजलं. मीटरचा पडदा माझ्याकडे ठेवून. १९१. वजा पंधरा टक्के, वजा बोटाचे वीस. तिला सांगितलं, एकशे बेचाळीस.

ती म्हणाली, मग पँट एवढी ढगळ का झाली?

चालतो ना रोज.

आणि दुपारपासून तीनदा बाथरूमला गेलात ते?

मी म्हणालो, माझ्या घरात मी कितीदाही जाईन.

तिला हसू आलं नाही. जाताना म्हणाली, बाबा, मला तुम्हाला इथून ओढून न्यायची हौस नाही. पण एक दिवस फोन लावेन आणि तुम्ही उचलणार नाही, ही भीती घेऊन मी रोज कामाला जाते. आईच्या वेळी मी तासभर फोन लावत होते.

ती गेल्यावर दार नीट लागलं आहे का ते बराच वेळ बघत उभा राहिलो.

ठराव: उद्यापासून खरोखर चालणे.

१६ मार्च

टाच दुखते. बूट जुने आहेत. आधी बूट.

५ एप्रिल

लॅबमध्ये गेलो. डॉक्टरीणबाईंनी मीटर बरोबर आणायला सांगितलं होतं. मला आनंदच झाला. शेवटी खऱ्या पडताळणीची वेळ आली. उपाशीपोटी शिरेतून रक्त घेतलं आणि त्याच वेळी बोटाला सुई टोचून मीटरवर मोजलं. पिळू दिलं नाही. मीटर १८७. लेक शेजारीच होती, तिने आकडा पाहिला. माझ्याकडेही पाहिलं.

७ एप्रिल

रिपोर्ट. लॅबची साखर २०४, मीटरची १८७. डॉक्टरीणबाईंनी हिशेब केला, म्हणाल्या, आठ टक्क्यांचा फरक, काका. मीटर उत्तम आहे. बिघडलंय ते दुसरंच.

आणि पुढे म्हणाल्या, हा मीटर उलट तुमच्या बाजूने चुकतोय. थोडं कमीच दाखवतो.

म्हणजे मी वजा करत होतो तेव्हा मिळवायला हवं होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

तीन महिन्यांची सरासरी ९.४. बाहेर बाकावर बसून पंधरा टक्के वजा केले. आठ. त्यातून पुन्हा वजा केले. ६.८. सातच्या आत. पण एकाच मालावर दोनदा सूट देणं कुठल्याच नियमात बसत नाही.

लेक म्हणाली, उद्या सामान बांधायचं.

७ एप्रिल, संध्याकाळ

लेक ब्रेड आणायला म्हणून बेकरीत गेली. बऱ्याच वेळाने आली. ब्रेड नव्हता.

बेकरीवाल्याने तिला विचारलं होतं, ताई, आईचा गुडघा कसा आहे?

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही त्याला सांगितलंच नाही? मी म्हणालो, गर्दी असते. ती म्हणाली, नऊ महिने गर्दी होती? मी म्हणालो, चालणारं दुकान आहे. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी एकही नव्हती.

थोड्या वेळाने बेकरीवाला स्वतः आला, एप्रन न काढता. म्हणाला, काका, मला कुणी बोललं नाही हो. मी आपला रोज दोन बांधत राहिलो. मी म्हणालो, तुमची काही चूक नाही. तो म्हणाला, काकूंना अननसाची आवडायची. मी म्हणालो, हो, पण वरचा अननस ती मला द्यायची. लेकीने चहा केला. तिघांनी बिनसाखरेचा प्यायला.

तो गेल्यावर लेक म्हणाली, रोज दोन?

मी म्हणालो, माझी एकच.

८ एप्रिल

बॅग भरली गेली नाही. सकाळी लेक म्हणाली, राहा इथेच. तुम्हाला इथून काढलं तर तिकडे जाऊन आणखी काय काय खाल देव जाणे. पण आकडे मला थेट दिसले पाहिजेत. तुमच्या तोंडून नकोत.

डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली आणि दंडाला सेन्सर लावला. रुपयाच्या नाण्याएवढा. दर थोड्या मिनिटांनी साखर मोजतो आणि आकडा, आणि साखर चढते की उतरते ते दाखवणारा बाण, माझ्या फोनवरून लेकीच्या फोनवर जातो. जास्त झाली की तिचा फोन ओरडतो. बोट टोचणं जवळजवळ संपलं.

लेक गेली. घर माझ्याकडे राहिलं. म्हणजे मी जिंकलो. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

११ एप्रिल, संध्याकाळ ६

बेकरीवाला आता मला ब्रेडशिवाय काही देत नाही. काका, पाया पडतो, पेस्ट्री मागू नका, म्हणतो. हा ग्राहकाच्या हक्कावर घाला आहे. मी दुसरी बेकरी शोधली. लांब आहे, पण तिथे कुणी काही विचारत नाही. एकच घेतली. पेस्ट्री पातळ होती. एवढ्याशा पेस्ट्रीने सेन्सरला काय कळणार.

११ एप्रिल, संध्याकाळ ७.३०

कळलं.

लेकीचा फोन. बाबा, काय खाल्लंत? मी म्हणालो, काही नाही, सेन्सर नवा आहे, अजून बसायचाय. ती म्हणाली, दोनशे अडतीस आहे आणि बाण वर चाललाय. मी म्हणालो, सेन्सर रक्ताच्या दहा मिनिटं मागे असतो, हे तुला ठाऊक नसेल. ती म्हणाली, म्हणजे आत्ता याहून जास्त असेल.

मी पेस्ट्रीचा रिकामा खोका कचऱ्यात खाली दाबला.

म्हणाली, चपला घाला, बाहेर पडा, फोन कानालाच ठेवा. निघालो. ती आकडे सांगत होती, मी चालत होतो. मधेच तिने ऑफिसमधल्या साहेबांच्या आवाजाची नक्कल केली. मग नातवाने शाळेत काय उद्योग केले ते. मग तिने कांदा चिरला तो आवाज मला ऐकू आला. मी पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत फिरलो. बाण आडवा झाला, मग खाली वळला. ती म्हणाली, आता ठेवू का, बाबा? मी म्हणालो, अजून थोडा चालतो.

खरं तर तेव्हा मी दारातच उभा होतो.

ठराव: उद्यापासून पेस्ट्री कायमची बंद.

११ एप्रिल, संध्याकाळ ७.५०

वरचा ठराव फार कडक वाटतो. पेस्ट्री कायमची बंद केली तर साखर वर जाणार नाही. साखर वर गेली नाही तर तिचा फोन ओरडणार नाही. अर्धी चालेल.