छोटीला घरी आणू नका

ती. बाबांस,

तुम्ही परत तेच लिहिलंत. सुई टोचताना छोटीचा हात कापतो, म्हणून डॉक्टरकी सोडवून तिला घरी आणणार. माझं कधी ऐकलंय तुम्ही? तरी सांगतो.

मी स्ट्रेचर ढकलतो त्या वॉर्डात नवी डॉक्टरीण आलीय. परवा एका आजोबांना तीनदा टोचूनही तिला शीर सापडेना. चादरींच्या खोलीत जाऊन रडत बसली. मी बाही वर केली. म्हटलं, “मॅडम, माझ्यावर शिका. शिरा दोरखंडासारख्या आहेत.” पाचव्या खेपेला जमलं. आज आजोबांना पहिल्याच फटक्यात टोचलं.

माझा हात थोडा काळानिळा झालाय, आईला सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत?

तुमचा भांडकुदळ लेक

ता. क. छोटीला आणायच्या गाडीभाड्याला नाही, तिच्या फीला म्हणून पाठवतोय, सहा हजार.